विंचू चावल्याची रजा आणि 401 मजूर: जुन्या इजिप्तमधलं रोजचं जगणं

ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक मोठा तुकडा आहे, तो म्हणजे चक्क हजेरीबुक आहे. राजा दुसरा रामसेस याच्या कारकिर्दीच्या 40 व्या वर्षातलं, म्हणजे आजपासून साधारण सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं. जवळपास 40 कामगारांची नावं, पुढे काळ्या शाईत कोण कुठल्या दिवशी आला नाही त्या तारखा, आणि बऱ्याच तारखांच्या डोक्यावर लाल शाईत कारण. कुणाचे डोळे दुखतायत, कुणाला विंचू चावलाय, कुणाची आई आजारी आहे, कुणी आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळायला गेलाय, कुणी बिअर करायला घरी थांबलाय (हे मान्य कारण होतं बरं का), आणि काही ठिकाणी लिहिलंय की घरात बायकोची किंवा मुलीची पाळी आहे. म्हणजे कावळा शिवला बायकोला आणि रजेवर नवरा.

ही माणसं राजांची थडगी खोदणारी होती, आणि त्यांच्याकडे येऊच आपण, पण मला या तुकड्यात सगळ्यात भारी काय वाटतं तर कुणीतरी हे बसून लिहिलंय. एका पाथरवटाला कुठल्या दिवशी विंचू चावला याची नोंद ठेवायला सरकारने एक पगारी माणूस बसवलाय. जुना इजिप्त समजून घ्यायचा तर पिरॅमिड आणि ममी जरा बाजूला ठेवा आणि या लिहिणाऱ्या माणसाकडे बघा.

शाळेत आपण सगळ्यांनी तो त्रिकोण काढलाय, टोकावर फॅरो, खाली वजीर आणि पुरोहित, मग सरदार, लेखनिक, सैनिक, कारागीर, शेतकरी आणि तळाला गुलाम. त्रिकोण चूक नाहीये, पण त्याने फारसं काही कळतही नाही, कारण एका थरातला माणूस दुसऱ्या थरातल्या माणसापेक्षा वरचा नक्की कशामुळे, हे त्यात कुठेच नसतं. माझ्या मते सगळं एका गोष्टीवर येतं: धान्य मोजणारा कोण आणि ज्याचं मोजलं जातं तो कोण. कारण तिथे नाणी अगदी शेवटच्या काही शतकांपर्यंत नव्हतीच. पगार धान्यात, कर धान्यात, देवळाची श्रीमंती धान्याच्या कोठारांत. तांब्याचं एक वजन होतं, देबेन, साधारण 91 ग्रॅमचं, त्यात वस्तूंची किंमत बोलायचे, म्हणजे चपलांचा जोड एक-दोन देबेन, गाढव तीस एक देबेन, पण प्रत्यक्षात तांबं हातात द्यायलाच हवं असं नाही, तेवढ्या किमतीचं धान्य, कापड, टोपल्या, तेल काहीही चालायचं. हिशोब देबेनमध्ये आणि व्यवहार वस्तूत.

आता हे धान्य यायचं कुठून, तर नाईलमधून. पाऊस जवळजवळ नाही, पण दरवर्षी ऐन उन्हाळ्यात नदीला पूर यायचा, शेतं दोन-तीन महिने पाण्याखाली, पाणी ओसरलं की मागे काळा गाळ, त्यात पेरणी, आणि पुढचा उन्हाळा लागायच्या सुमाराला कापणी. म्हणून त्यांचे ऋतू तीनच, पुराचा, पिकाचा आणि कापणीचा, प्रत्येकी चार महिन्यांचा, महिना 30 दिवसांचा, वर वर्षाअखेरीला पाच जादा दिवस, झाले 365. पूर कमी आला तर उपासमार, जास्त आला तर बांध आणि घरं गेली वाहून. आस्वानजवळ एलिफंटाईन बेटावर नदीची पातळी मोजायच्या पायऱ्या आजही बघायला मिळतात. पाणी किती चढलं यावरून यंदा पीक किती येईल याचा अंदाज लागायचा, आणि पिकाचा अंदाज लागला की कराचाही लागतोच की.

कर ठरवायला कोण यायचं, तर लेखनिक. मेन्ना नावाचा एक अधिकारी होऊन गेला, पदवी 'राजाच्या शेतांचा लेखनिक', आपण त्याला मोठा तलाठी म्हणू. लुक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर त्याचं थडगं आहे आणि त्याच्या भिंतींवर त्याने स्वतःचंच कामकाज रंगवून घेतलंय. उभ्या पिकात दोरी ताणून मापं घेतायत, खळ्यावर धान्याचा ढीग, एक जण मापाने मोजून टाकतोय आणि लेखनिक टिपून घेतायत, आणि तिथेच एका माणसाला आडवा पाडून काठीने बडवतायत. ज्याने भरला नाही त्याची ही पावती. पण त्याच भिंतीवर चित्रकाराने दोन पोरी पण काढल्यात, सरवा वेचता वेचता भांडण लागलंय आणि एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, आणि शेजारी एक मुलगी दुसरीच्या पायातला काटा काढत बसलीय. मला ही भिंत प्रचंड आवडते. साहेबाला स्वतःचा रुबाब दाखवायचा होता, पण आपल्याला आज त्यातला काटा काढणाराच कोपरा बघावासा वाटतो.

लिहिता-वाचता येणारी माणसं किती होती याचा अंदाज अभ्यासक एक टक्क्याच्या आसपास सांगतात, म्हणजे शंभरात एक. त्यामुळे पोरगं लेखनिक झालं की घराणं तरलं. मध्य राज्याच्या काळातला (साधारण पावणेचार-चार हजार वर्षांपूर्वीचा) एक मजकूर शाळेतल्या पोरांकडून शेकडो वर्षं गिरवून घ्यायचे, त्यात बाप मुलाला होडीतून शाळेत पोचवायला निघालाय आणि वाटेत त्याला बाकी सगळ्या धंद्यांची भीती घालतोय. तांबटाची बोटं मगरीच्या कातड्यासारखी आणि अंगाला वास माशांच्या गाभोळीपेक्षा वाईट, परटाला मगरीशेजारी उभं राहून कपडे धुवावे लागतात, न्हावी गल्लोगल्ली गिऱ्हाईक शोधत हिंडतो, विणकर बिचारा गुडघे पोटाशी घेऊन दिवसभर आत कोंडलेला. आणि शेवटी काय, तर लेखनिकाच्या डोक्यावर साहेब नसतो, तो स्वतःच साहेब. हे वाचताना एवढंच लक्षात ठेवायचं की लिहिणारा लेखनिकच आहे. तांबटाचं म्हणणं काय होतं ते कळायला मार्ग नाही, कारण तांबटाला लिहिता येत नव्हतं. जुन्या इजिप्तबद्दल आपण जे वाचतो त्यातलं जवळजवळ सगळं या शंभरातल्या एकाच्या हातचं आहे.

शेतकरी म्हणजे सगळे एकसारखे गरीब, असंही नाही. इ.स.पू. 1950 च्या आसपासचा हेकानख्त नावाचा एक बाबा, एका मोठ्या अधिकाऱ्याच्या थडग्यावर नैवेद्य वगैरे करणारा पुरोहित आणि बऱ्यापैकी जमीन राखून असलेला शेतकरी, कामानिमित्त गावाबाहेर गेला होता आणि तिथून घरी पत्रं पाठवायचा. ती पत्रं 1921-22 च्या उत्खननात दैर अल-बहरी इथल्या एका थडग्यात सापडली. पत्रं म्हणजे काय विचारू नका, एकत्र कुटुंबातला म्हातारा परगावाहून फोनवर जे काही बोलेल ते सगळं त्यात आहे. मला जुनी सुकी बार्ली पाठवता आणि तुम्ही तिकडे नवी खाता काय? धाकट्या स्नेफ्रूला काही कमी पडू देऊ नका, तो मागेल ते द्या. माझ्या नव्या बायकोला त्रास देणाऱ्या त्या मोलकरणीला आधी घराबाहेर काढा. आणि मधेच एकदम गंभीर होतो, पूर नीट आलेला नाही, म्हणून घरातल्या प्रत्येकाचा महिन्याचा शिधा ठरवून यादी पाठवतो, कोणाला किती माप, नावानिशी, आणि वर सुनावतो की पूर्ण मरण्यापेक्षा अर्धपोटी जगणं बरं. बघा, सरकार जे देशाला करत होतं तेच हा बाबा घरात करतोय. माप ज्याच्या हातात, घर त्याच्या मुठीत.

तर आता ते विंचू चावलेले कामगार. त्यांच्या वस्तीला आज दैर अल-मदिना म्हणतात, लुक्सरच्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या कुशीत, जिथे राजांची थडगी आहेत त्या राजांच्या दरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इ.स.पू. 1500 च्या आसपासपासून साधारण चारशे-साडेचारशे वर्षं ही वस्ती नांदती होती, भिंतीच्या आत 68 एक घरं. घरं लांबट आणि अरुंद, एकमेकांना चिकटून, खोल्या एकापुढे एक, पुढच्या खोलीत मातीचा उंच ओटा आणि भिंतीवर बेस नावाचा बुटका, जीभ बाहेर काढलेला देव (दिसायला भयंकर, पण बाळंतिणीचा आणि पोरांचा राखणदार), मग मधे खांब असलेली बसायची खोली, एखादी झोपायची, आणि सगळ्यात मागे बिनछपराचं स्वयंपाकघर, तिथे भट्टी आणि धान्याचं तळघर. वर जायला जिना, गच्चीवर झोपायचं.

कामाचा आठवडा दहा दिवसांचा होता. पुरुष आठ दिवस डोंगरातच कामाजवळच्या झोपड्यांत राहायचे आणि दोन दिवस घरी यायचे, म्हणजे बहुतेक वेळ गाव बायकांच्या, पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या ताब्यात. कामगारांच्या दोन टोळ्या, उजवी बाजू आणि डावी बाजू, जहाजावरच्या खलाशांसारख्या, प्रत्येक बाजूला एक मुकादम, आणि अर्थातच हिशोब लिहायला लेखनिक. साध्या कामगाराचा पगार महिन्याला 4 खार गहू आणि दीड खार बार्ली, मुकादमाला साडेपाच आणि दोन. एक खार म्हणजे साधारण 76 लिटर, म्हणजे साध्या माणसाच्या घरात महिन्याला 300 लिटरच्या वर गहू. गव्हाची भाकर आणि बार्लीची बिअर हेच मुख्य अन्न. बिअर म्हणजे आजच्यासारखी फेसाळ बाटली नाही, दाटसर, पोट भरणारी, पोरंसोरं पण प्यायची.

आणि हा गहू कुठला माहितीय? एमर, म्हणजे आपली खपली! तोच सांगली-साताऱ्याकडचा, पुरणपोळीला आणि खिरीला लोक शोधून आणतात तो. दाण्याला साल घट्ट चिकटलेली असते म्हणून आधी कांडायचा, मग दळायचा. ज्यांनी घरी खपली कांडलीय त्यांना इजिप्शियन बाईचा दिवस कसा जात असेल ते वेगळं सांगायला नको. त्यांच्याकडे आपल्यासारखं फिरतं जातं नव्हतं, पाटा-वरवंट्यासारखा दगड असायचा, त्यावर गुडघे टेकून पुढे-मागे घासत बसायचं, तासन् तास. त्यात दगडाची कच आणि वाळवंटातली वाळू भाकरीत जायची, आणि म्हणून ममींचे दात बघितले तर झिजून सपाट झालेले, अगदी श्रीमंतांचे सुद्धा. दाताच्या बाबतीत तरी राजा आणि पाथरवट एकाच पंगतीला होते म्हणा.

भाकरीबरोबर कांदा, लसूण, डाळी, मासे. मटण सणाला. गावात विहीर नव्हती, पाणी गाढवांवरून यायचं, आणि पाणकं, कोळी, माळी, लाकूड आणणारे, परीट हे सगळे सरकारने या वस्तीसाठी वेगळे नेमलेले. परटाकडे कपडे द्यायच्या याद्या सापडल्यात, त्यातल्या काहींवर शब्दांऐवजी कपड्यांची चित्रं आणि पुढे नग दाखवणाऱ्या खुणा, कारण परटाला वाचता येत नाही. म्हणजे आपण ज्यांना साधे कामगार म्हणतोय त्यांची धुणी धुवायला सरकारी परीट होता. शिवाय सुट्टीच्या दिवशी ही मंडळी एकमेकांना आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना शवपेट्या, पलंग, मूर्ती करून विकायची, एक साधी शवपेटी वीस-तीस देबेनला, आणि महिन्याचा धान्याचा पगार साधारण 11 देबेनचा, आता करा हिशोब. शाळेच्या त्रिकोणात 'कारागीर' शेतकऱ्याच्या जस्ट वरती असतो, पण हे लोक चांगले खाऊन-पिऊन सुखी होते. जोवर धान्य वेळेवर येत होतं तोवर.

तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी, इ.स.पू. 1157 च्या सुमाराला, ते येईना. पगार 18 दिवस थकला तेव्हा लोक हत्यारं खाली ठेवून वस्तीच्या बाहेर पडले, चौक्या ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. धरणंच की. अधिकारी आले, समजावलं, शपथा घातल्या, पण हे हलेनात. म्हणणं एवढंच की आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलोय, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फॅरोला कळवा, वजिराला कळवा. मग मोर्चा रामसेसियमकडे, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या देवळाकडे, जिथे धान्याची मोठमोठी कोठारं होती. शेवटी थकलेला शिधा मिळाला, पुढे परत थकला, परत बसले. जगातला नोंदवलेला सगळ्यात जुना संप असं याला म्हणतात, आणि ते आपल्याला कळलं कारण अमेननख्त नावाच्या त्यांच्याच लेखनिकाने सगळं लिहून ठेवलं, तो पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला तेव्हाचा कागद) आता इटलीत तुरीनला आहे. यात मला एक गंमत वाटते, राजाबद्दल ब्र काढलेला नाही, राजा म्हणजे आपला मायबाप, त्याला कुणी कळवत नाहीये एवढीच तक्रार. पण जाऊन बसायचं कुठे, तर थेट कोठाराशी, हे त्यांना बरोबर कळत होतं.

बायकांचं काय? त्या काळाच्या मानाने बरंच बरं. बाईच्या नावावर जमीन, घर, सामान असू शकायचं, ती कोर्टात साक्ष द्यायची, काडीमोड घेऊ शकायची. पण कारभाराच्या खुर्चीत बाई विरळाच. याच गावातली नौनख्त नावाची म्हातारी, पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी पंचांसमोर उभी राहिली आणि मृत्युपत्र सांगितलं. मी स्वतंत्र बाई आहे, आठ पोरं वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले, आता मी म्हातारी झाले आणि यातले काही जण माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने हात दिला त्याला माझं मिळेल, ज्याने नाही दिला त्याला नाही. एका मुलाला इतरांपेक्षा जास्तीचं एक काशाचं भांडं. आणि जे देत होते ते काय देत होते, तर पुन्हा धान्यच, महिन्याच्या महिन्याला आईचा शिधा.

वरच्या थराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल एरवी खूप लिहिलं जातं. राजाखाली वजीर, तो खजिना, कोर्ट, कालवे सगळं बघायचा. पुरोहित म्हणजे सगळे पूर्ण वेळचे नव्हेत, बरेच जण पाळीने यायचे, चारातला एक महिना देवळात, अंगावरचे सगळे केस काढून, फक्त लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड नेसून, लोकर वर्ज्य, आणि पाळी संपली की आपापल्या घरी. मात्र देवळं प्रचंड श्रीमंत. तिसऱ्या रामसेसच्याच काळातल्या एका मोठ्या पपायरसमध्ये थीब्जच्या (म्हणजे आजच्या लुक्सरच्या) आमोन देवाच्या नावावर 86 हजारांवर माणसं आणि चार लाखांवर जनावरं लिहिलीत. त्याच राजाच्या कारकिर्दीत एका छोट्या वस्तीतल्या कामगारांचा शिधा थकत होता, हे जाता जाता.

आणि तळाला गुलाम. इथे एक गैरसमज पक्का बसलाय की पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले. 2013 मध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुफू राजाच्या काळातले पपायरस सापडले, त्यात मेरेर नावाच्या टोळीप्रमुखाची रोजनिशी आहे, तो आपली माणसं घेऊन तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीने गिझाला नेत होता, कुठल्या दिवशी भरला, कुठे मुक्काम, सगळं टिपलंय. ती माणसं सरकारी शिध्यावर होती. पिरॅमिडच्या दगडांवर टोळ्यांची नावं पण सापडतात, त्यातलं एक म्हणजे 'मेनकौरेचे दारुडे' (मेनकौरे हा राजा). पण म्हणून सगळे आनंदाने नाचत गेले असंही समजू नका. सक्तीचं सरकारी काम होतंच, कालवे खणा, दगड वाहा, राजाच्या शेतावर राबा, आपल्याकडे याला वेठबिगार हा नेमका शब्द आहे. मध्य राज्यातला एक पपायरस म्हणजे असं काम सोडून पळालेल्यांची यादी आहे, आणि पळालेला परत येईपर्यंत घरच्यांना अडकवून ठेवायचे. खरीखुरी विकत घेतलेली माणसं पण होती. दुसऱ्या रामसेसच्या 15 व्या वर्षी एका बाईने एक सीरियन मुलगी घेतली, किंमत चांदीत ठरली आणि चुकती केली कपडे, काशाची भांडी आणि मध देऊन. हेही आपल्याला कळतं ते पुढे दुसऱ्या कुणीतरी हक्क सांगितला आणि प्रकरण कोर्टात गेलं म्हणून. त्या मुलीचं म्हणणं कोणी लिहून घेतलेलं नाही.

वेठबिगारीची धास्ती किती खोल होती ते बघायचं असेल तर म्युझियममधल्या त्या छोट्या निळ्या-हिरव्या बाहुल्या बघा, शाब्ती किंवा उशाब्ती. मेल्यावर परलोकात पण शेतं असणार, शेतं म्हणजे काम असणार, आणि काम म्हणजे एक दिवस तिथेही कुणीतरी नाव पुकारणार, चला, वाळू वाहायला. तेव्हा मालकाच्या वतीने या बाहुलीने ओरडायचं, 'हजर!' तसा मंत्रच अंगावर लिहिलेला असतो. आधी माणसामागे एखाद-दुसरी बाहुली असायची, मग वाढत वाढत वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, अशा 365. आणि एवढे मजूर झाले म्हटल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवायला मुकादम नकोत का, म्हणून दर दहाला एक, हातात चाबूक घेतलेला, असे 36. एकूण 401.

बाविसाव्या राजवंशाच्या काळात (साधारण पावणेतीन-तीन हजार वर्षांपूर्वी) आमोनच्या देवळातल्या एका मूर्तिकाराने एका पुरोहिताला त्याच्या वडिलांसाठी असा एक पूर्ण संच विकला, त्याची पावती अजून आहे. 365 मजूर आणि 36 मुकादम यांची चांदी पोचली असं लिहून तो थांबत नाही, पुढे त्या बाहुल्यांनाच सांगतो की आता निघा पटापट, यांच्या वडिलांची कामं करा, आणि हाक आली की म्हणा, आलो.